पाहुणा ऐकत आहे

मंगळवार, ३ फेब्रुवारी

भाची म्हणते, बंद करून टाकू या. मी म्हटलं, खबरदार!

पण तिचंही चुकत नाही. दोन वर्षांपूर्वी तिनेच माझ्या एकशे चाळीस कॅसेटी संगणकावर चढवल्या. माझं व्हायोलिन, शिकवणीतल्या मुलांच्या तालमी, सगळं. त्या ऐकायची लिंक जुन्या विद्यार्थ्यांना पाठवली. आता संगणकात जागा उरली नाही, तो धापा टाकतो. "मावशी, कोणी ऐकतं तरी का?" म्हणाली. माझ्याशी बोलताना ती ओठ नीट हलवते, त्यामुळे हा प्रश्नही अगदी स्वच्छ कळला. मला स्वतःला तर नऊ वर्षांत त्यातला एक सूरही ऐकू आलेला नाही.

ठरलं असं — ती एक सॉफ्टवेअर बसवणार. कोण ऐकतंय, काय ऐकतंय, कितव्या मिनिटाला आहे, सगळं माझ्या फोनवर दिसणार. महिनाअखेरपर्यंत कोणी फिरकलं नाही तर गाशा गुंडाळायचा.

गुरुवार, ५

आलं कोणीतरी! दुपारी चारला. फोनवर अक्षरं उमटली — "पाहुणा ऐकत आहे". नाव न देता आलेल्याला ते पाहुणाच म्हणतं म्हणे. म्हणू दे! खाली एक हिरवी रेघ सरकत होती. रेघ जिथे, तिथे माझी बोटं. मांडीवर सगळं वाजवलं, शेवटपर्यंत. नऊ वर्षांनी कोणाच्या तरी सोबतीने ऐकलं. पाहुण्या, तुझं भलं होवो.

शनिवार, ७

पुन्हा आला. चारलाच.

सोमवार, ९

नाही आला. जेवण गेलं नाही.

बुधवार, ११

काल आला, आज आला. आज मुलांची तालीम अख्खी ऐकली — तेवीस मिनिटं! त्या तालमीला मुलांचे आईबापसुद्धा जिन्यावरूनच पळ काढायचे. हा मध्ये काही सोडत नाही, पुढे ढकलत नाही. असा कानसेन मला उभ्या आयुष्यात भेटला नाही.

नवऱ्याला सांगितलं. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. सहा वर्षांपूर्वी मी तिथे गेले, लोकांचे ओठ नीट दिसावेत म्हणून — आणि चष्म्याबरोबर दुकानदारही घरी घेऊन आले. त्याने माझं वाजवणं कधीच ऐकलेलं नाही. आमची गाठ पडली तोवर कान जाऊन तीन वर्षं झाली होती, व्हायोलिनही देऊन टाकलं होतं.

"असेल कोणी रिकामटेकडा," म्हणाला. म्हणाला असावा — त्याच्या मिशीत निम्मे शब्द अडकतात. पण राग आलाच. रिकामटेकडा काय!

मंगळवार, १७

काल खाडा. सोमवारी त्याचं काहीतरी काम असतं बहुतेक. आज हजर! मी पावणेचारलाच केस विंचरून बसले होते. वेड लागलंय मला.

भांडी घासताना लक्षात आलं, मी गुणगुणत होते. शेजारीण खिडकीतून हसली, म्हणजे भयंकरच असणार. असू दे. किती दिवसांनी घशातून काही निघालं. या माणसाचे उपकार कसे फेडायचे?

मंगळवार, २४

भाचीचा निरोप — "मावशी, जिंकलीस. बंद नाही करत. नवी डिस्क आणते." मी फोनलाच हात जोडले.

शुक्रवार, २७

चष्म्याचा स्क्रू ढिला झाला म्हणून दुकानात गेले. चार वाजून गेले होते. नवरा आतल्या खोलीत कोणाचे तरी डोळे तपासत होता. काचा घासायच्या यंत्रामागे त्याचा जुना टॅब टेकवून ठेवलेला. वर हिरवी रेघ सरकतेय! माझ्या फोनवर बघितलं — तीच कॅसेट, तेच मिनिट.

हाच पाहुणा! सोमवारी दुकान बंद, म्हणून तो खाडा. ऊर भरून आला. टॅबच्या पाठीवर तळहात ठेवला, थरथर तेवढी हाताला कळते. काहीच नाही. थंडगार. मग दिसलं, आवाजाच्या खुणेवर काट मारलेली. आवाज शून्य.

म्हणजे कोणीच ऐकत नव्हतं. एक दिवसही नाही. मी केस विंचरून बसायचे ते एका मुक्या पाटीसमोर. बाईची समजूत काढायची म्हणून रोज बटण दाबायचं आणि आपल्या कामाला लागायचं. भोंदू!

स्क्रू न बसवताच निघाले. वाटभर चष्मा घसरत होता आणि मी रडत होते. रात्री त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. उद्या भाचीला खरं सांगून टाकते. बंद कर म्हणावं.

शनिवार, २८

सकाळी चहा समोर ठेवला आणि विचारलं, आवाज बंद का ठेवायचास?

गडबडला. मग माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला, दोनदा म्हणाला — "तुला ऐकू येत नाही, ते मी एकट्याने कसं ऐकू?"

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. टॅब आणायला लावला, आवाज पूर्ण वाढवला. मी सव्वीस वर्षांची असतानाची कॅसेट लावली आणि त्याच्यासमोर, त्याच्या तोंडाकडे बघत बसले. तिसऱ्या मिनिटाला त्याचा हात कपाकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. तिथेच वरचा सूर येतो. बरोबर तिथेच!