पयला मान

वरली वाडी, ता. मुळशी
गुरुवार, ६ मार्च २०२५

सौ. सगुणा,

नावाखाली आशीर्वाद लिवायचा असतो, पन तू ज्या रागानं गेलीस ते बगता माझा आशीर्वाद तू चुलीत घालशील. म्हनून नुसतं नाव लिवलंय. तू फोन उचलत न्हाईस. विश्रामभाऊ उचलतो आन "ताई कामात हाय" म्हनतो. नांद्याला भावाच्या घरी आठ दिस असं काय काम निगालंय, ते मला बी कळू दे. हितं समदं बरं हाय. म्हैस माझ्या हाताला दूध चोरतीया.

आपल्या माळावरची छत्रीवाल्यांची शर्यत, ती पॅराग्लायडिंगची, चार दिस झाले सुरूच झाली न्हाई. ताम्हिणीकडनं ढग येत्यात, शिंतोडा पडतोय, आन वारा असा की मानूस वाकून चालतंय. चाळीस जनं माळावर बसून हायेत. मी बी त्यांच्यात जाऊन बसतो. दुसरं काय करू, घर खायला उटतंय.

लई इचित्र मानसं हायेत. चांगली शिकलेली, नोकरीवाली. रजा टाकून आलीत आन वारा पडायची वाट बगत पत्ते खेळत्यात. मधीच येकजन उटतो, गवताची काडी वर उडवतो, ती कुटं जाती ते बगतो आन परत पत्त्याला बसतो. मी इचारलं, इंजिन न्हाई तर तुमी वर जाता कसं? तो म्हनला, "काका, तापलेल्या जमिनीवरनं गरम हवा वर चढते. घारी तिच्यात गोल फिरतात, आम्ही घारींच्या मागे जातो." पन्नास वर्सं मी घारी बगतोय, मला वाटायचं त्या कोंबडीची पिल्लं हेरत्यात. आपल्या खालच्या नांगरलेल्या तुकड्यावरनं हवा झ्याक उटती म्हनं, आन गव्हावरनं न्हाई. आपुन त्या तुकड्याला नापीक म्हनत आलो. मग उतरता कुटं, इचारलं. तर हवा संपंल तितं, कुनाच्या बी वावरात. जो लांब जाईल तो जिंकला.

आता जे लिवायचं टाळतोय ते लिवतो.

आपली आरोही उडायला शिकली हे तुला कळलं तवा तू पिशवी भरलीस. मी उंबऱ्यात आडवा होऊन शपत घेतली, की ह्या शर्यतीत ती नुसती नावं लिवायला बसनार. ती शपत खोटी होती. तिचं नाव यादीत हाय. आन ते मीच घातलंय.

शर्यतीचे मुख्य, पुन्याचे दिग्विजय साहेब, माळ मागायला आले तवा म्हनले, बदल्यात काय हवं ते सांगा. मी म्हनलो, काय नको. पन आमच्याकडं बैलगाड्याच्या शर्यतीत मानाचा गाडा पयला सुटतो. माळ आमचा, तर पयली छत्री आमच्या घरची सुटली पायजे. साहेब माझ्याकडं बगत ऱ्हायले, मग आरोहीकडं बगितलं. ती गप. साहेबांनी नाव लिवून घेतलं. त्या दिवशी मी छाती फुगवून घरी आलो, तुला आठवत आसंल.

परवा छत्रीवाल्यांतल्या रजनीबाई, हिंजवडीत नोकरी करतात, मला म्हनल्या, "काका, तुमची मुलगी धीराची आहे हो." मी इचारलं, का? तर ह्या खेळात जो पयला जातो, तो शर्यतीत नसतोच. वर हवा कशी हाय ते बगायला त्याला सोडत्यात. तो नीट तरंगला तर बाकीचे जानार. त्याला हादरे बसले तर बाकीचे खालीच बसनार. सगुणा, मी भांडून पोरीसाठी ही जागा मागून घेतली.

आरोहीला गाठलं, म्हनलं नाव काढून टाकतो. ती म्हनली, "आबा, मला पयल्यापासनं ठावं होतं. तुमी मान मागितला तवा मी मुद्दाम गप बसले. पुढं कुनी नसतं, सगळी हवा आपुनच बगायची. मला तेच पायजे." ती हे तुझ्यासारखं बोलली, खाली बगून, आवाज न चढवता. नाव यादीत तसंच ऱ्हायलं.

अजून येक हाय. साहेब रोज सकाळी मला खिंडीचं इचारतात. गवत कापायला गेलो की तू दाखवायचीस, आठाच्या आत धुकं उटून खिंड मोकळी झाली की दुपारी वारा पडतो. आज ते साडेसातलाच उटलं होतं. साहेबांच्या मोबाईलवर दोन ठिकानी दोन अंदाज होते, म्हनून त्यांनी माझ्यावर सोडलं. पन मी म्हनलो, आज न्हाई, दुपारी बिगडंल.

दुपारी चुलीचा धूर सरळ वर जात होता. चाळीस मानसं माझ्या शब्दावर खाली बसली. आरोहीनं माझ्याकडं येकदा बगितलं आन ताट सरकवलं. तिला बी ती खिंड तूच शिकवलीस.

उद्या शेवटचा दिस. मला खिंड आता खरी दिसंल असं वाटत न्हाई. मोकळी आसली तरी मला धुकंच दिसंल, इतका मी भ्यालोय. म्हनून ही चिठ्ठी रजनीबाईंच्या हाती देतोय. त्या आज घरी चालल्यात, सकाळी सहाला नांद्यावरनं गाडीनं परत निगनार. त्यांच्याबरोबर ये. माझ्याशी बोलू नको, घरात बी येऊ नको. नुसती माळावर उभी ऱ्हा आन खिंडीत काय दिसतंय ते साहेबांना सांग. तू न्हाई म्हनलीस तर न्हाई. तू व्हय म्हनलीस तर मी सोता शर्यतीचा नारळ फोडीन.

तू आली न्हाईस तर आठ वाजता मलाच वळून बगावं लागंल, आन दिसंल ते खरं सांगावं लागंल. येकट्यानं जमंल का, मला ठावं न्हाई.

तवर खिंडीकडं पाठ करून बसलेला,
नथू