गॅलनला किती मैल

२ ऑक्टोबर

लाल गाडी — गॅलनला नऊ पूर्णांक आठ मैल. खिंडीत वारा समोरून, ट्रेलरमध्ये सहा घोडे. वाईट नाही, पण खूश व्हावं असंही नाही!

जुन्या गाडीचं इंजिन गेलं ते गेलंच. माझ्या नवऱ्याच्या, ऑरिनच्या चुलतभावाने दोन वापरलेल्या डिझेल गाड्या पंधरवडाभर दिल्यात, एक लाल, एक पांढरी. ओढताना कमी पिईल ती ठेवायची, दुसरी परत. आमच्या जुन्या मित्राच्या, ड्वेनच्या शिकारकॅम्पचे घोडे लँडरहून खिंडीपलीकडच्या फार्सनला हिवाळी कुरणात पोचवायचे आहेतच, त्यातच परीक्षा होईल. एक दिवस मी, एक दिवस ऑरिन. ट्रेलर तोच, रस्ता तोच, पंपही तोच. निघताना टाकी गळ्यापर्यंत भरायची, आल्यावर पुन्हा भरायची, आणि भागाकार.

३ ऑक्टोबर

पांढरी, ऑरिन — अकरा पूर्णांक सहा! दारातूनच ओरडत आला. "चाळीस वर्षं घोडे ओढतोय! मला बघताक्षणी कळतं कुठली चांगली!" जेवताना हेच दोनदा सांगितलं. नाही, तीनदा.

६ ऑक्टोबर

काल मी लाल नेली, दहा. आज त्याने पांढरी, साडेबारा! वारा दोन्ही दिवस सारखाच. पांढरीच घ्यायची असं जवळजवळ ठरलं. तरी मी म्हटलं, एकदा अदलाबदल करून बघू.

"तू शाळेत विज्ञान शिकवायला हवं होतंस," म्हणाला. पण चावी दिली.

८ ऑक्टोबर

काल पांढरी मी नेली — नऊ पूर्णांक नऊ. आज लाल त्याने नेली — तेरा.

तीन वेळा भागाकार केला. तेराच.

म्हणजे गाडीचा प्रश्नच नाही. फरक ऑरिनचा आहे.

९ ऑक्टोबर

विचारलं. "अ‍ॅक्सिलरेटरवर माझा पाय हलका आहे," म्हणाला. असेलही. पण मी सातला निघाले की दीडपर्यंत घरी असते. तो काल पाचला आला.

"वाटेत करतोस काय एवढा वेळ?"

"हरणं बघतो."

हे सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

१० ऑक्टोबर

बर्फ. कुणीच निघालो नाही. बरं वाटलं. का, ते लिहवत नाही.

११ ऑक्टोबर

लाल, ऑरिन — तेरा पूर्णांक चार. आता हा आकडा वाढूच नये असं वाटतं.

संध्याकाळी ड्वेनचा फोन. नेहमीसारखी थट्टा नाही, काही नाही. "नेल्डा, ऑरिन घरी पोचला ना?" पोचला, म्हटलं. मग तो म्हणाला, "आज घोडे उतरवताना मला विचारत होता, तुझा बाप कसा आहे. अगं, माझ्या बापाला त्यानेच खांदा दिला होता!"

मी म्हटलं, चुकून बोलला असेल. ड्वेन म्हणाला, हो, तसंच असेल. दोघंही खोटं बोललो.

१२ ऑक्टोबर

आज खरं तर माझी पाळी. मुद्दाम म्हटलं, पाठ धरलीय, तू जा. तो निघाला आणि थोड्या वेळाने मी पांढरी घेऊन त्याच्या मागे.

सगळा रस्ता ताशी पस्तीस मैलांच्या वेगाने. घाट नसतानाही. त्याच्यामागे गाड्यांची रांग, भोंगे, एकाने पुढे जाताना खिडकीतून शिवी हासडली. ऑरिनवर काही परिणाम नाही. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याला चिकटून, जणू तो पट्टाच त्याला ओढत नेतोय.

फार्सनच्या चौकात थांबला. उजवीकडे वळायचं. आयुष्यभर तिथे उजवीकडेच वळलाय. चारी बाजूंच्या गाड्या आल्या, गेल्या. ट्रेलरचा डावा दिवा लुकलुकला. बंद झाला. मग उजवा. मग पुन्हा डावा. आत घोडे पाय आपटायला लागले. मी घड्याळ बघत होते — चौदा मिनिटं! मग उजवीकडे वळला.

मी उतरून गेले नाही. भोंगाही वाजवला नाही. हात स्टिअरिंगवर होते, ते सुटेनातच.

१४ ऑक्टोबर

शेवटी बोलले. डॉक्टरकडे जाऊ या, एवढंच. त्याने ताट सारलं.

"सरळ सांग ना, मी वेडा झालोय!"

"मी असं म्हटलं का?"

"मग काय म्हणतेस?"

तो उठून बाहेर गेला, लाकडं फोडत बसला. आत आला तेव्हा आवाज अगदी खाली. "एकच खेप उरलीय, नेल्डा. ती मला करू दे. मग तू म्हणशील तिथे येतो."

"मी बरोबर येते."

"नको. एकट्याने करू दे."

मी हो म्हटलं. हो म्हटलं मी!

१६ ऑक्टोबर

सकाळी सातला गेला. तीनला परत. एवढ्या लवकर! मला वाटलं, आज सगळं नीट झालं.

"सोळा, नेल्डा! गॅलनला सोळा!" पंपाची पावती नाचवत आत आला. इतका आनंदात मी त्याला कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. मी त्याच्या खांद्यावरून अंगणात बघितलं. लाल गाडी उभी. तिच्या मागे काहीच नाही.

"ऑरिन, ट्रेलर कुठाय?"

"कुठला ट्रेलर?"

"घोडे, ऑरिन! सहा घोडे!"

हसू तसंच तोंडावर राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. मग खुर्चीत बसला आणि पावतीकडे बघत राहिला.

ड्वेनला फोन केलाय, तो येतोय. आकाश उत्तरेकडून काळं होत चाललंय. येईपर्यंत हे लिहितेय, कारण नुसतं उभं राहवत नाही.

१७ ऑक्टोबर

काल उजेडातच ट्रेलर सापडला. खिंडीच्या माथ्यावर, रस्त्यापासून बराच आत, वाऱ्याच्या आडोशाला. चाकांना ठोकळे लावलेले. सहाही घोडे धड, पुढ्यात पाण्याच्या बादल्या. दाराच्या कडीत एक कागद खोचलेला, कित्येक महिने खिशात वागवल्यासारखा घड्यांवर फाटायला आलेला. ऑरिनचं अक्षर.

"मला पुढचा रस्ता आठवत नाही. घोड्यांना पाणी पाजलंय. माझ्या बायकोला फोन करा, पण हळू सांगा. तिला यातलं काही माहीत नाही."

खाली आमचा नंबर. आणि तारीख — ११ मार्च.