जाड अक्षरांत ‘बोल!’

१५ सप्टेंबर, सोमवार
मुंबई ऑफिसचा मेल. दहा ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन. थीम संगीत. प्रत्येक प्लान्टने कॅम्पेन करायचं, बेस्ट प्लान्टच्या एचआरचा सत्कार. आमच्या मसाटच्या धागा कारखान्यात एचआर मीच. म्हणजे सत्कार झालाच. संकल्प: रोज पहाटे उठून डिझाइन.

१६ सप्टेंबर
उठलो नाही. तरी डोकं चाललं. क्वार्टर्सच्या गेटवर भलंमोठं फ्लेक्स, त्यावर एकच शब्द: बोल! अक्षरं अशी जाड की वाचताना ढोलकीची थाप ऐकू यावी. क्लार्क चेतनने विचारलं, कोणाशी बोलायचं? टायपोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही त्याला.

१९ सप्टेंबर, संध्याकाळ
माझ्या खालच्या खोलीत वाल्मिक राहतो. मशीन ऑपरेटर, शिरपूरकडचा. नाइटला जाण्याआधी ढोलकी वाजवतो. रोज! मी इथे अक्षरं ठेक्यात बसवतोय आणि हा खाली ठेका धरून बसलेला. शेवटी ढोलकी जमा करून घेतली, माझ्या कपाटावर ठेवली. कॅम्पेन झालं की देतो, असं प्रेमानेच सांगितलं.

२४ सप्टेंबर
वाल्मिक केबिनमध्ये आला. म्हणाला, कायमची नाइट लागल्यापासून झोप नाही. ढोलकी होती तेव्हा जरा बरं वाटायचं, आता डोक्यातलं मशीन बंदच होत नाही. अंगावर काटा आला. काय लाइन आहे! लगेच लिहून घेतली. शिफ्टचं बघू म्हटलं, दहा तारखेनंतर. एकाला बदलून दिली की रांग लागते.

३० सप्टेंबर
फायनल: ‘डोक्यातलं मशीन बंद होत नाही? बोल!’ खाली हेल्पलाइनचा नंबर होता, पण त्याने अक्षरांचा तोल जात होता. काढला. ज्याला गरज आहे तो माझ्याकडे येईलच. माझं दार सदैव उघडं असतं. (एसीमुळे लोटलेलं असतं, ते वेगळं.)

६ ऑक्टोबर
वाल्मिक येऊन गेला म्हणे. मी प्रिंटरकडे होतो. चेतन म्हणतो, त्याचं लक्षण ठीक नाही, शिफ्ट तरी बदला. म्हटलं, अरे, फ्लेक्स लागतंय ना आता! ते कोणासाठी आहे मग?

१० ऑक्टोबर, दुपार
फ्लेक्स लागलं. रस्त्यावरून वाचता येतं. फोटो मुंबईला गेले, साहेबांचा अंगठा आला. खालची खोली शांत. वाल्मिकला झोप लागायला लागली असावी. कॅम्पेनचा पहिला रिझल्ट.

११ ऑक्टोबर
वाल्मिक गेला. काल दुपारीच. स्वतःच जीव दिला. खोलीतले बाकीचे कामावर होते. मी वरच होतो.

१२ ऑक्टोबर
त्याची बायको कावेरी आली, भावाला घेऊन. त्याला गावी न्यायला टेम्पो आणला, त्यात अंथरायला काही नव्हतं. वॉचमनने गेटवरचं फ्लेक्स सोडलं. मी नको म्हणालो नाही.
कावेरीने चेतनला विचारलं, यावर काय लिखेल शे? त्याने वाचून दाखवलं. नवऱ्याचं नाव न घेता ती म्हणाली, हाई तर त्या माले रोज फोनवर सांगेत. तुमले कोनी सांगं?
चेतनने माझ्याकडे पाहिलं. मग तिनेही.
मी म्हणालो, त्याची ढोलकी माझ्याकडे आहे, घेऊन येतो. वर आलो. दार लावून घेतलं. टेम्पो जाईपर्यंत खाली गेलो नाही.