सगळं घरच तुझं

मी, द्वारकाबाई भ्र. तातेराव सोळुंके, वय एकाहत्तर, धंदा शेती व शिवणकाम, राहणार आष्टी, तालुका परतूर, जिल्हा जालना, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. धाक मला कोणी घातला नाही. भिडेने मात्र जन्मभर मारलं, म्हणून तो शब्द वकील सुमेधाताईंना मुद्दाम घालायला लावला. कायद्याची भाषा त्यांची, बाकीचं बोलणं माझं.

१. वारस. माझे पती तातेराव लेकरं लहान असतानाच वारले. मुलगा कल्याण माझ्याजवळ राहतो. माझं औषधपाणी तोच करतो, हे नाकारत नाही. मुलगी मीना अंकुशनगरला भाड्याच्या खोलीत राहते. तिला मूलबाळ नाही आणि जावयाने दुसरा संसार मांडला आहे. माझ्यामागे तिला पाय टेकायला जागा राहावी, एवढ्यासाठीच हा कागद आहे.

२. शिलाई मशीन, कात्र्या व टेप कल्याणची मुलगी अक्षता हिला द्यावेत. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये, हे तिला ठाऊक आहे.

३. लोखंडी पेटीतली गोधडी माझा भाऊ बद्रीनाथ, राहणार राजूर, यास द्यावी. वडील गेल्यावर जमिनीला त्याचं एकट्याचं नाव लावायचं होतं, म्हणून मला हक्कसोडीच्या सहीला बोलावलं. आमच्याकडे त्या दिवशी बहिणीला साडीचोळी करतात, पुरणपोळी वाढतात, आणि बहीण डोळे पुसत सासरी जाते. कचेरीच्या आवारात बद्रीनाथने माझे हात धरले. "अक्का, कागदाचं काय घेऊन बसली? माहेर काय कागदावर असतंय का? तुझं माहेर कधीच तुटायचं न्हाई."

मी रडले आणि सही केली. पुढे तातेराव गेले आणि दोन लेकरं घेऊन मी त्या न तुटणाऱ्या माहेरी गेले. "घर तुझंच हाय अक्का," बद्रीनाथ म्हणाला. पण आमचं अंथरूण कुठे घालायचं, ते कोणी सांगितलं नाही. आम्ही पडवीत निजत होतो. आठवडा भरायच्या आत भावजयीने विचारलं, "आष्टीची गाडी किती वाजता असती वन्सं?" भावजय वाईट नव्हती. शब्द नवऱ्याने दिला होता आणि भाकरी तिला थापाव्या लागत होत्या. त्या हक्कसोडीच्या साडीची मी गोधडी शिवली. बद्रीनाथने ती पांघरावी.

भावावरचा राग आता विझला. उरलाय तो त्या बोलण्यावरचा. "एक खाट देतो" म्हटलं असतं तर खाट कुठंय, असं विचारता आलं असतं. "माहेर तुटणार नाही" याला काय विचारायचं? विचारेल तीच हलक्या मनाची ठरते. तो खोटं बोलला, असंही मला म्हणता येत नाही. बोलताना त्याचेही डोळे भरले होते.

४. आष्टीतलं राहतं घर कल्याणला. त्यातली रस्त्याकडची खोली मात्र हयातभर मीनाची. कुलूप तिचं, किल्ली तिची. भाऊबीजेला, ओवाळणीचं ताट पाटासमोर असतानाच, मी हे दोघांना सांगितलं. कल्याण हसला. "आई, एका खोलीचं काय लावलंय? मीने, सगळं घरच तुझं हाय. आपल्यात वाटणी आली कुठून?"

मीनाच्या डोळ्यांना धार लागली. मी म्हटलं, "सगळं घर नको देऊ. खोलीची किल्ली दे." तो नाही म्हणाला नाही. त्याने तोंड उतरवलं. "बघ मीने, आईचा माझ्यावर बिलकुल भरोसा न्हाई." आणि माझी लेक माझ्यावरच उखडली. "दादा सगळं घर देऊन राह्यला आन् तू एका खोलीसाठी भांडून राह्यली!"

किल्ली अजून मिळालेली नाही. त्या खोलीत खताच्या गोण्या रचल्या आहेत.

५. राख सावडायच्या दिवशी कोणी भाषण करू नये. कल्याणला बोलता छान येतं. तो "आमचं छत्र हरपलं" म्हणेल आणि बाया पदराने डोळे पुसतील. मागच्या पावसाळ्यात माझ्या डोक्यावरचा पत्रा गळत होता, तो बदल म्हणून मी महिनाभर त्याच्या मागे होते. बोलायचंच असेल तर त्याने पत्र्यावर बोलावं.

६. शिवणकामाच्या कमाईतून माझ्या नावे घेतलेलं शेत, विहिरीच्या पाण्याच्या पाळीसह, पूर्ण मालकीने मीनाला. ते तिने भावाला लिहून देऊ नये, अशी अट मला घालायची होती. सुमेधाताई म्हणाल्या, "मावशी, अशी अट टिकत नाही. मालकीण झाली की द्यायची तिची मर्जी." मी विचारलं, हयातीपुरतं दिलं तर? "तरी ती आपणहून सोडू शकते. दमदाटी झाली तर दाद मागता येते. मायेनं मागितलं आणि तिनं दिलं, तर कोण काय करणार?"

मग मी मीनाला फोन केला. म्हटलं, कसल्याही कागदावर सही करायची नाही, एवढं वचन दे. ती म्हणाली, "आई, शेत तुलाच लिहून देते म्हणून मी दादाला शब्द देऊन बसले. शेतापायी तो तुटला तर मला कोण हाय?"

"शेत हाय ना."

"शेत का भाऊबीजेला येतंय का, आई?"

मी फोन ठेवला. माझं सगळं आयुष्य तिच्यासमोर गेलं, ते पाहूनही ती शिकली नाही, याचं दुःख कोणाला सांगू? शेत तिच्याकडे टिकणार नाही हे मला दिसतं. तरी तिच्याच नावे लिहिते.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुमेधाताईंनी करावी. आणि पुढे हक्कसोडीला मीना ज्या साहेबांसमोर उभी राहील, ते जे कोणी असतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. "बाई, राजीखुशीनं सोडता ना?" असं तुम्ही विचाराल, आणि ती हो म्हणेल. तेव्हा तिच्या भावाला जरा बाहेर उभं करा. तिला विचारा, "बाई, आता तुमच्याकडं काय राह्यलं?" तिला उत्तर द्यायला वेळ द्या. मग घ्या सही.

ठिकाण: परतूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: द्वारकाबाई भ्र. तातेराव सोळुंके

बाईंनी हा कागद स्वतः वाचला व आमच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांच्यादेखत आम्ही केली.

साक्षीदार:
१. गिरिजाबाई भ्र. प्रेम ढवळे, रा. आष्टी
२. हरिओम पि. दगडूबा खरात, रा. परतूर