वर श्री, खाली सही

टॅम्पिनीस,
७ एप्रिल २०२५

ती. अरुणामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सिंगापुरातल्या सिंगापुरात, टॅम्पिनीसहून आंग मो किओला पत्र पाठवणारी मीच एक शहाणी. पण तू फोन घेत नाहीस आणि समोर यायला मला तोंड नाही.

आपल्या रविवारच्या मराठी वर्गातल्या शिक्षकांना कसलं प्रशिक्षण हवंय, हे विचारायचं काम माझ्याकडे होतं. नावं गुप्त राहतील असं मीच सांगितलं होतं. बाकीच्यांनी फोनवर फॉर्म भरले. तू कागदावर लिहून दिलंस, वर श्री आणि खाली सही; सहीशिवाय कागद हातचा सोडायचा नाही ही तुझी सवय. मुलं इंग्रजीत उत्तरं देऊन हसतात तेव्हा पुढे काय करावं सुचत नाही, घाबरायला होतं, हे कुणीतरी शिकवा, असं तू लिहिलंस. इतकं खरं दुसऱ्या कुणीच लिहिलं नव्हतं. म्हणून सहीची पट्टी कात्रीने कापून मी त्या कागदाचा फोटो समितीच्या ग्रुपवर टाकला.

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे! मुलांच्या वह्यांत कित्त्याची पहिली ओळ तूच घालून देतेस. तुझं अक्षर घरोघरी पोचलेलं. पाच मिनिटांत सगळ्यांनी ओळखलं. तुला आता त्रास नको, तुझाही वर्ग रुचिरच घेईल, असं समितीचे अध्यक्ष म्हणून पद्माकररावांनी ठरवूनही टाकलं, आणि मी गप्प बसले. मावशी, माझं फार चुकलं.

हवं तेवढं रागव, पण लोभ तेवढा राहू दे.
तुझी,
अनघा

आंग मो किओ,
११ एप्रिल २०२५

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बिलं सोडून आपल्या पेटीत काही येतं, याचंच माझ्या लेकाला, निशिकांतला, नवल.

राग आला होता, खोटं कशाला बोलू? दोन दिवस जेवण गेलं नाही. पण फोटोपेक्षा दुसरंच जास्त लागलं. मी शिकवा म्हटलं, तुम्ही मला घरी बसवलंत. माझ्या वर्गातल्या जाईला अजून बाराखडी येत नाही, तिला आपण घरी बसवलं का?

एक विचारते. बाकीच्यांना खरंच काही अडत नाही? तू स्वतः काय लिहिलंस? तुझ्या वर्गातली पोरं तर माझ्यादेखत तुला इथल्या इंग्रजीत ‘डोन्ट नो लाह’ म्हणून पळतात.

वीस तारखेला नारळाच्या वड्या करणार आहे. येशील तर तोंड घेऊनच ये.
तुझी,
अरुणामावशी

टॅम्पिनीस,
१६ एप्रिल २०२५

ती. अरुणामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी लिहिलं होतं, ‘काही गरज नाही.’ नाव गुप्त असूनसुद्धा. तुझं पत्र वाचून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल कागद घेतला, वर श्री घातला. माझीही मुलं ऐकत नाहीत, मी चिडते आणि शेवटी त्यांच्याशी इंग्रजीतच बोलते, हे सगळं लिहिलं. खाली पूर्ण सही केली आणि फोटो ग्रुपवर टाकला. मावशीचा वर्ग काढायचा तर माझाही काढा, असं पद्माकररावांना कळवलं.

मग रुचिरने आपला कागद टाकला, नंतर नीताने. संध्याकाळपर्यंत पाच झाले. रुपालीचं अक्षर मात्र तिचं तिलाच लागेना. पद्माकररावांनीही मानलं, वर्ग तुझाच राहतोय. मे महिन्यात पहिलं प्रशिक्षण, आणि आपण दोघी एका बाकावर.

वड्या जास्त कर, लोभ आहे तेवढाच पुरे.
तुझी,
अनघा

ता. क. तुझा कागद परत आणतेय. कापलेली सही मागून चिकटवली आहे. जोड दिसतो.