ह्यांचा कॅल्क्युलेटर

३ एप्रिल, सकाळ
दूध तापत होतं, मी ओटा पुसत होते आणि हे अर्धा गाल फेसात बुडवून विचारत होते, सतरा चोक किती? मी चुकले की फेस उडवत हसायचे. कापडाच्या दुकानात सगळा हिशेब तोंडी. कॅल्क्युलेटर फक्त ताळा पाहायला.

हे असतानाची ती सकाळ आज आठवली, कारण नातीच्या शाळेने गणिताच्या वार्षिक परीक्षेत कॅल्क्युलेटर सक्तीचा केलाय. सक्तीचा! उद्या घास चावायलाही यंत्र देतील.

संकल्प: नातीला पाढे मी शिकवणार. शांतपणे.

६ एप्रिल
शांतपणे जमलं नाही. नात म्हणते, आजी, पाढे कुणी विचारतच नाही गं, गणित मांडायचं कसं ते विचारतात. सून आतून म्हणाली, आई, करू द्या ना तिचं तिला. मी चिडले नाही. कप विसळताना एकाचा कान गेला. जुनाच होता.

९ एप्रिल
यंत्राची चोरी पकडली! २ + ३ × ४. तिच्या यंत्रावर चौदा. ह्यांच्या जुन्या कॅल्क्युलेटरवर मी त्याच क्रमाने बटणं दाबली: वीस. दोन नि तीन पाच, पाच चोक वीस. ज्यावर जन्मभर दुकान चाललं ते यंत्र चुकेल? नात म्हणाली, गुणाकार आधी करायचा असतो. मी म्हटलं, रांगेत दोन आधी उभा आहे, त्याला ढकलून तीन पुढे घुसतो कसा? तिने कपाळावर हात मारला.

१५ एप्रिल
परीक्षा. तिच्या दप्तरातलं ते काळं, बटणांनी भरलेलं यंत्र काढून ह्यांचं ठेवलं. आजोबांचा आशीर्वाद. सांगितलं नाही. चांगल्या कामाचा गाजावाजा कशाला?

संध्याकाळी ती न जेवताच झोपली. दमली असेल.

२४ एप्रिल
नापास! बाईंना धारेवर धरायला उद्या शाळेत जाते. एक शब्द ऐकून घेणार नाही.

२७ एप्रिल
परवा शाळेत गेले. वीस आणि चौदाचं सगळं सुनावलं. गणिताच्या बाई म्हणाल्या, पेपरात कोनांची गणितं होती, तुमच्या नातीच्या यंत्रावर ती बटणंच नव्हती. मग मला विचारलं, आजी, दोन मीटरचा एक तुकडा आणि चार-चार मीटरचे तीन, एकूण कापड किती?

चौदा, मी म्हटलं. विचार करायच्या आधीच.

हे आधी तीन चोक दाबायचे, मग दोन मिळवायचे. रोज शेजारी बसून पाहिलं. मी त्यांची बोटं पाहत होते, बटणं नाही.

फेरपरीक्षा जूनमध्ये आहे. यंत्र कुणी बदललं, हे नातीने आईलाही सांगितलेलं नव्हतं.

काल सकाळी दूध तापत ठेवलं, काळं यंत्र नातीसमोर ठेवलं, सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात खरं काय ते सांगितलं, आणि चालू करायचं बटण कुठलं ते विचारलं.