मधली कमान

मी, खाली सही करणारा, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. मी रागात आहे, पण शुद्धीत आहे. डॉक्टरांनी तपासून दोन्ही गोष्टींची खात्री करून घेतली आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात घर थोरल्या मुलाला दिले होते, ते आजपासून रद्द समजावे.

१. राहते घर, वरच्या खोलीसह आणि गळक्या नळासह, माझ्या लेकीला मिळावे. तिने माझे आजारपण काढले आणि माझी कटकटही ऐकून घेतली. घर ठेवायचे की विकायचे हे तिने ठरवावे. भावाला विचारायला जाऊ नये.

२. बँकेतली शिल्लक अंत्यविधीचा खर्च भागवून लेकीलाच. शेजारच्या मास्तरांनी नेलेली शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. जिवंतपणी मागून मागून दमलो, आता मेल्यावर कशाला तोंड वाजवू?

३. माझ्या धातू घासायच्या कानशी. हे कलम लांबेल. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात राग लिहीत नाहीत. मग तो कुठे लिहितात, ते त्यांनी सांगितले नाही.

आमची पलटण मुळात पूल बांधणाऱ्यांची. म्हणून टोपीवरच्या पितळी बिल्ल्यावर तीन कमानींचा पूल. नदीवरच्या लढाईत माघार घेताना आम्ही अलीकडे आलो आणि शत्रूला थोपवून धरायला एक तुकडी पलीकडे थांबली. तिच्यात माझा धाकटा भाऊ होता. शत्रू पुलाच्या तोंडाशी आला तेव्हा पलीकडच्यांनीच हात हलवून खूण केली, उडवा. आमच्या लोकांनी मधली कमान उडवली. पलीकडचे कोणीही परत आले नाही.

छावणीत परतल्यावर एकाने आपल्या बिल्ल्यावरची मधली कमान कानशीने कापून काढली. कोणी हुकूम दिला नव्हता. बघता बघता सगळ्यांनी काढली. कवायतीला ते मोठ्या साहेबांच्या लक्षात आले. आता आपली धडगत नाही, असे आम्हाला वाटले. साहेबांनी स्वतःची टोपी उतरवली आणि विचारले, "कानस कोणाकडे आहे?"

तेव्हापासून रिवाज पडला. कारखान्यातून बिल्ला अखंड यायचा आणि प्रत्येक रंगरूट पहिल्याच दिवशी आपल्या हाताने मधली कमान कापायचा. निवृत्त होईपर्यंत हे काम मी शिकवले. पोरांची बोटे सोलवटायची, एखाद्याचा बिल्लाच मोडायचा. मग कोणीतरी वैतागून म्हणायचा, "हवालदारसाहेब, कापलेलेच का नाही मागवत?" तेव्हा मी नदीची हकीकत सांगायचो. कोणी विचारल्याशिवाय ती सांगायची नाही, असा आमचा नियम होता.

माझा थोरला मुलगा आज त्याच पलटणीचा प्रमुख आहे. मला त्याचा अभिमान होता. 'होता' हा शब्द कोणी दुरुस्त करू नये. त्याने हुकूम काढला आहे की बिल्ला कापणे म्हणजे सरकारी वस्तूची नासधूस. उद्या पलटणीच्या वर्धापनदिनी सगळ्यांना नवे, अखंड बिल्ले वाटणार. मी त्याला याच टेबलाशी बसवून जाब विचारला.

"बाबा, तुटका पूल डोक्यावर घेऊन पोरांचं मनोधैर्य काय वाढणार? आणि मूळचा बिल्ला अखंडच होता की."

"होता ना. तुझ्या काकाच्या टोपीवर होता. तो घालून जे पलीकडे थांबले, त्यातला एक तरी परत आला का?"

"झालं, परत तेच! अजून किती वर्षं उगाळणार आहात?"

माझा हात उठला होता. लेक मध्ये पडली म्हणून राहिले. हुकमाची प्रत टेबलावर टाकून तो अर्ध्या चहावरून उठून गेला.

तर, कानशी माझा लढाईतला सोबती 'तोफ' याला द्याव्यात. घोरण्यावरून हे नाव पडले. त्याने त्या कानशींनी डबे उघडू नयेत. माझा कापलेला बिल्ला माझ्या छातीवर ठेवावा आणि माझ्याबरोबरच जाऊ द्यावा. पलटणीच्या संग्रहालयाला तो 'जुन्या पद्धतीचा नमुना' म्हणून काचेत ठेवायचा आहे. त्यांनी मागितला तर दार लावून घ्यावे.

४. पलटणीकडून नव्या बिल्ल्याच्या आकाराचे पुष्पचक्र आले तर ते फाटकाबाहेर ठेवावे. बिगूल वाजवणारा आला तर त्याला आत घ्यावे, पाणी द्यावे. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

५. थोरल्या मुलाला काहीही नाही. त्याने यावे, उभे राहावे, जावे.

एक गोष्ट मात्र मी त्याला आधीच देऊन बसलो आहे. भाऊ गेल्यानंतर वर्षाने हा जन्मला आणि मी हट्टाने याला भावाचेच नाव ठेवले. ते परत घेता येईल का, असे मी वकीलसाहेबांना विचारले. येत नाही, म्हणाले. हुकमाची ती प्रत अजून माझ्यासमोर पडली आहे. मधली कमान यापुढे कोणीही कापू नये, असे तिच्यात लिहिले आहे. आणि खाली, सहीच्या जागी, माझ्या भावाचे नाव आहे.

सही: हवालदार (निवृत्त), स्वहस्ते

साक्षीदार, ज्यांच्यादेखत ही सही झाली:
१. घरचे डॉक्टर
२. कोपऱ्यावरचे घड्याळ दुरुस्त करणारे

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी